पश्चिमेकडच्या वाटा कुणी बांधल्या

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये २५० वर्षं होतात. अशा वेळी जी चित्रं हटकून पुढे येतात त्यांत एक ठरलेलं आहे: खांद्याला बंदूक, हातात कुऱ्हाड, मागे कापडी छताची गाडी आणि समोर माणसाचा पाय न लागलेलं रान. केंटकीची वाट काढणारा म्हणून गाजलेल्या डॅनियल बूनच्या नावाभोवती ही कथा घट्ट विणली गेली आहे. कोलंबस, पिट्सबर्ग, लुईव्हिलला राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं ती शाळेत ऐकतात. इकडच्या पिढ्यांनी ती वेस्टर्न सिनेमांतून घेतली. माझ्या मते ही कथा अपुरी तर आहेच, शिवाय नुकसान करणारी आहे. ॲपलेशियन डोंगर ओलांडून पश्चिमेला जाणाऱ्या बहुतेक मोठ्या वाटा मूळ रहिवाशांनी पाडलेल्या होत्या. त्यातल्या काही सैन्यानं रुंद केल्या, आणि गाडी जाईल असे रस्ते झाले ते सरकारी पैशानं किंवा सरकारी जमिनीच्या मोबदल्यात. हे सगळं गाळून एकट्या माणसाचं धाडस तेवढं शिल्लक ठेवलं, की सरकार दोन्हीकडून सुटतं. रस्ते बांधल्याचं श्रेय त्याच्या नावावर लागत नाही, आणि त्या रस्त्यांपायी ज्यांना उठवलं त्यांची जबाबदारीही लागत नाही.

कंबरलँड खिंडीपासून सुरुवात करू. व्हर्जिनिया, केंटकी आणि टेनेसी जिथे एकत्र येतात तिथे डोंगराच्या सलग भिंतीत ही खाच आहे, माथा साधारण १,६०० फुटांवर. डॉ. थॉमस वॉकर १७५० मध्ये तिथून गेला, म्हणून शोध त्याच्या नावावर जमा झाला. पण शॉनी आणि चेरोकी लोक त्याआधी कित्येक पिढ्या या खिंडीतून शिकारीला, व्यापाराला आणि लढाईला ये-जा करत होते. योद्ध्यांची वाट अशीच तिची ओळख होती. खाऱ्या झऱ्यांकडे जाणाऱ्या बायसनच्या कळपांनीही ती तुडवून रुंद केली होती. वॉकरला वाट सापडली ती मळलेली होती.

बूननं मार्च १७७५ मध्ये नेमकं काय काम केलं ते पाहण्यासारखं आहे. रिचर्ड हेंडरसन नावाच्या माणसानं जमिनीच्या व्यवहारासाठी ट्रान्सिल्व्हेनिया कंपनी काढली होती, आणि तिनं बूनला कामाला लावलं होतं. होल्स्टन नदीतल्या लाँग आयलंडहून, म्हणजे आजच्या किंग्जपोर्टहून, सुमारे ३० कुऱ्हाडवाले घेऊन तो निघाला आणि केंटकी नदीपर्यंत २०० मैलांच्या आसपास वाट मोकळी केली. झुडपं आणि वेतासारख्या बोरूची दाटी तोडायची, आडवी पडलेली झाडं बाजूला सारायची, उभ्या झाडांच्या सालीवर कुऱ्हाडीच्या खुणा करून दिशा दाखवायची, एवढंच ते काम. डोंगर कुठे कापला नाही, भराव टाकला नाही, मोरी नाही, पूल नाही. बुंधे जागच्या जागी राहिले. त्यावरून पायी माणूस आणि लादलेला घोडा एकामागे एक जाऊ शके, गाडी नाही. २५ मार्चला पहाटे तळावर हल्ला झाला. त्यात ट्विटी नावाचा सोबती जखमी होऊन पुढे वारला आणि त्याचा गुलाम सॅम जागीच मेला. पश्चिमेला यायचं की नाही हे सॅमला कुणी विचारलं नव्हतं. बूनचे पुतळे आहेत, चित्रं आहेत; सॅमचं नाव शोधावं लागतं.

त्याच महिन्यात सिकॅमोर शोल्सला हेंडरसननं चेरोकी प्रमुखांशी करार करून सुमारे २ कोटी एकर जमीन घेतली. डोंगरापलीकडे वसाहत करू नये आणि खासगी माणसानं मूळ रहिवाशांकडून परस्पर जमीन घेऊ नये, असं ब्रिटिश राजाच्या १७६३ च्या फर्मानात स्पष्ट होतं. ड्रॅगिंग कनू या तरुण चेरोकी नेत्यानं तर तिथेच कडाडून विरोध केला. पुढे १७७८ मध्ये व्हर्जिनियानं कंपनीचा दावा रद्द केला आणि हेंडरसनच्या मंडळींना २ लाख एकर देऊन वाटेला लावलं. बूनला कबूल केलेली जमीन मिळालीच नाही. आता यातली मेख बघा. कंपनीचा दावा बेकायदा ठरला, तरी जमीन चेरोकींकडे परत गेली नाही. ती व्हर्जिनियाची ठरली. व्यक्तीचं धाडस पुढे घुसतं आणि राज्यसत्ता मागून येऊन कागद नीट करते, ही जोडी इथून पुढे शंभर वर्षं दिसत राहते.

या वाटेवरून गाडी जायला १७९६ उजाडावं लागलं. केंटकी १७९२ मध्ये राज्य झालं होतं. तिथल्या विधिमंडळानं पैसे मंजूर करून वाट रुंद करून घेतली, आणि चार चांगले घोडे जोडलेली एक टन मालाची गाडी आता सहज जाईल अशी सूचना लेक्सिंग्टनच्या वर्तमानपत्रात छापून आली. बूनच्या कुऱ्हाडीपासून या सूचनेपर्यंत २१ वर्षं गेली.

यावर कुणी रास्त आक्षेप घेईल: १७९० च्या जनगणनेत केंटकीची वस्ती ७३,६७७ होती, म्हणजे रस्ता होण्याआधीच लोक पोचले होते की! पोचले होते, खरंच. त्यातले बारा हजारांहून अधिक गुलाम म्हणून आणले गेले होते. उरलेल्यांपैकी हजारो खिंडीतून घोड्याच्या पाठीवर बी-बियाणं, मीठ आणि कढई लादून आले. त्यांच्या हिमतीबद्दल मला शंका नाही. पण फार मोठा लोंढा दुसऱ्या वाटेनं, ओहायो नदीतून आला; आणि नदीपर्यंत तो कसा आला हे विचारलं की पुन्हा सैन्याशी गाठ पडते.

डेलावेअर लोकांपैकी नेमाकोलिन यानं १७५० च्या आगेमागे पोटोमॅक नदीच्या वरच्या खोऱ्यातून मोनोन्गाहेला नदीकडे जाणारी आपली वाट व्यापाऱ्यांना आखून दिली. १७५५ मध्ये ब्रिटिश जनरल ब्रॅडॉक फ्रेंचांच्या ड्युकेन किल्ल्यावर चालून निघाला. तोफा आणि रसदीच्या गाड्या न्यायच्या म्हणून त्याच्या सैन्यानं ही पाऊलवाट १२ फूट रुंद केली. लढाईत तो हरला, जखमी होऊन मेला. शत्रूला कबर सापडू नये म्हणून त्याला रस्त्यातच पुरलं आणि वरून गाड्या आणि फौज नेली. सैन्य परत गेलं, रस्ता राहिला. तीन वर्षांनी दुसरा ब्रिटिश सेनानी फोर्ब्स याच्या सैन्यानं पेनसिल्व्हेनियातून दुसरा रस्ता कापला. पुढच्या चाळीसेक वर्षांत कुटुंबंच्या कुटुंबं या दोन लष्करी रस्त्यांनी डोंगर उतरून पिट्सबर्गला किंवा रेडस्टोनला, म्हणजे आजच्या ब्राउन्सव्हिलला, येत आणि तिथे नाव बांधून घेत.

ही नाव म्हणजे खरं तर तरंगती पेटी. तळ सपाट, रुंदी १२ ते २० फूट, लांबी ४० ते ६० फूट, मागे लांब सुकाणू, अर्ध्या भागावर छप्पर, उरलेल्या भागात गुरं. ती फक्त प्रवाहाबरोबर जाते, उलटी येत नाही. मुक्कामाला पोचलं की ती मोडायची आणि फळ्या पहिल्या घराला वापरायच्या. निघायची वेळ चुकली तर सगळं फिसकटे. वसंतात बर्फ वितळल्यावर आणि शरदातल्या पावसानंतर पाणी चढतं तेव्हाच निघावं लागे. उन्हाळ्याच्या अखेरीला पाणी उतरलं की नाव वाळूच्या दांड्यावर बसे आणि आठवडेच्या आठवडे तिथेच राही. नदीत वाहून आलेली झाडं मुळांकडून गाळात रुतत. काही पाण्याखाली ताठ उभी असत, काही प्रवाहाबरोबर खालीवर डुलत, आणि ही डुलणारी जास्त वाईट, कारण नाव त्यांच्यावर आली नेमकी त्याच क्षणी ती वर येत. लुईव्हिलपाशी दोन मैलांत पाणी २६ फूट खाली उतरतं. तिथे वाटाड्या घ्यायचा किंवा माल उतरवून काठानं न्यायचा, हे दोनच मार्ग होते. बगल देणारा कालवा व्हायला १८३० साल उजाडलं. शिवाय नदीच्या उत्तर काठावर १७९४ पर्यंत मूळ रहिवाशांशी युद्ध चालू होतं. त्या काठावर किल्ले बांधणारं आणि फौज पोसणारं संघराज्य सरकारच होतं.

वाटेइतकीच महत्त्वाची गोष्ट मुक्कामाला पोचल्यावरची: जमीन तुमची हे ठरवायचं कसं? केंटकीत जो तो आपल्यापुरती मोजणी करून घेई. अमुक पांढऱ्या ओकपासून ओढ्याच्या वळणापर्यंत, तिथून दगडापर्यंत, अशी हद्द लिहिली जाई. ओक पडतो, ओढा पात्र बदलतो, आणि त्याच तुकड्यावर आधी तिघांनी दावा लावलेला असतो. कौलांसारखे एकावर एक चढलेले हे दावे कोर्टात वर्षानुवर्षं चालले. खुद्द बूनचे केंटकीतले दावे असेच बुडाले आणि १७९९ मध्ये तो मिसुरीला, तेव्हाच्या स्पॅनिश मुलुखात, निघून गेला. थॉमस लिंकन यानं १८१६ मध्ये सात वर्षांच्या अब्राहमसह केंटकी सोडून इंडियाना गाठलं, त्यामागे जमिनीच्या मालकीची हीच कटकट एक मोठं कारण होतं.

इंडियानात वेगळं काय होतं? सरकारी मोजणी. १७८५ च्या कायद्यानुसार ओहायो नदीच्या उत्तरेची जमीन आधी मोजायची आणि मग विकायची असं ठरलं होतं. ६६ फुटी साखळीनं मैलाचे चौकोन आखायचे, ८० साखळ्यांचा एक मैल, ६४० एकरांचा एक चौकोन, छत्तीस चौकोनांचं एक गाव, आणि त्यातला सोळावा चौकोन शाळेसाठी. पहिली साखळी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आजच्या ईस्ट लिव्हरपूलजवळ टाकली गेली. ज्याला कुणाचं बंधन नको होतं म्हणून तो पश्चिमेला गेला असं सांगतात, तो माणूस प्रत्यक्षात सरकारी मोजणीचा नकाशा जिथे आहे तिथे जाऊन राहिला. या एका वस्तुस्थितीकडे पाठ्यपुस्तकांनी पाठ फिरवली आहे आणि मला ते अक्षम्य वाटतं.

झेनची वाटही अशीच. १७९६ मध्ये काँग्रेसनं एबेनेझर झेनला ओहायो नदीवरच्या व्हीलिंगपासून ओहायोच्या जंगलातून केंटकीसमोरच्या काठापर्यंत वाट काढायला परवानगी दिली. रोख पैसे दिले नाहीत. मस्किंगम, हॉकिंग आणि सायोटो या तीन नद्यांच्या उतारावर एकेक चौरस मैल जमीन दिली, अटींपैकी एक अशी की त्यानं तिथे नदी ओलांडायला नाव चालवावी. त्यानंही जुन्याच पायवाटा धरल्या. लोक याला खासगी उद्योजकता म्हणतात. मोबदला सार्वजनिक जमिनीतून, मक्ता काँग्रेसचा आणि आखणी मूळ रहिवाशांची, तर यात खासगी होती ती मजुरी.

आता राष्ट्रीय रस्त्याकडे, म्हणजे केंद्र सरकारनं मेरीलँडहून पश्चिमेला बांधलेल्या रस्त्याकडे येऊ, कारण सगळा वाद इथे उघडा पडतो. ओहायोला राज्याचा दर्जा देताना १८०२ मध्ये ठरलं की तिथली सरकारी जमीन विकून जी निव्वळ रक्कम येईल तिचा विसावा हिस्सा रस्त्यांना द्यायचा. पुढच्या वर्षी त्याची वाटणी झाली: ३ टक्के राज्याच्या आतल्या रस्त्यांना, २ टक्के पूर्वेकडून ओहायोपर्यंत येणाऱ्या रस्त्याला. ही जमीन सरकारकडे आली कुठून? फॉलन टिंबर्सला अमेरिकी सैन्यानं मूळ रहिवाशांना हरवल्यानंतर १७९५ मध्ये ग्रीनव्हिलचा तह झाला. त्यात शॉनी, डेलावेअर, मायामी आणि इतर राष्ट्रांनी आजच्या ओहायोचा सुमारे दोन तृतीयांश भाग सोडला. बदल्यात २०,००० डॉलरचा माल तेव्हा, आणि दरसाल ९,५०० डॉलरचा. पुढच्याच वर्षी सरकारनं जमिनीचा किमान भाव ठरवला एकरी २ डॉलर. त्या विक्रीतून रस्ता. रस्त्यामुळे नवी गिऱ्हाइकं. नव्या गिऱ्हाइकांसाठी नवा तह. रस्ता आणि जमीन हिसकावणं हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवता येत नाहीत, कारण पैशाची वही एकच होती.

अध्यक्ष जेफरसननं २९ मार्च १८०६ ला या रस्त्याच्या कायद्यावर सही केली. मोजमापं कायद्यातच होती. ६६ फुटांच्या पट्ट्यातली झाडं काढायची, मधला भाग दगड, माती, मुरूम किंवा वाळूनं उंच करायचा, दोन्ही बाजूंना पाण्याला चर काढायचे, आणि चढ कुठेही ५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे साधारण साडेअकरा फुटांना एक फूट. काम १८११ मध्ये मेरीलँडमधल्या कंबरलँडला (हे गाव खिंडीहून वेगळं) सुरू झालं आणि १८१८ मध्ये ओहायो नदीवरच्या व्हीलिंगला पोचलं. दगडी थर २० फूट रुंद, मध्यावर १८ इंच आणि कडेला १२ इंच जाड. दगड मोजायला लोखंडी कडी असे: खालच्या थराचा दगड ७ इंची कडीतून गेला पाहिजे, वरच्या ६ इंचांतला ३ इंची कडीतून. कॅसलमन नदीवर १८१३ मध्ये ८० फुटांची एक दगडी कमान टाकली. देशात तेव्हा एवढी मोठी एकसंध कमान दुसरी नव्हती. ती आजही उभी आहे.

रस्ता मात्र काही वर्षांतच उखडला. कारणं कुठल्याही घाटरस्त्याची असतात तीच. तळात घातलेला मोठा दगड गाडीच्या हादऱ्यांनी आणि हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्यानं हळूहळू वर येतो आणि बारीक खडी खाली जाते. खालची चिकणमाती ओली झाली की दगडांच्या फटीतून वर चढते. चर तुंबले की पाणी रस्त्यावरच थांबतं. मालगाड्यांची चाकं अरुंद धावेची. चार-पाच टनांचा भार तीन-चार इंचांच्या पट्ट्यावर येतो. प्रत्येक गाडीवान आधीच्या चाकोरीतूनच गाडी घालतो, त्यामुळे चाकोरी खोल होत जाते. आणि उतारावर गाडी घोड्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून मागचं चाक साखळीनं जखडून ओढत न्यायचे, ते चाक रस्ता नांगरल्यासारखा उकरून काढी.

हे सगळं तेव्हाच्या देखरेख करणाऱ्यांनी लिहून वर कळवलं होतं. तरी दुरुस्ती होईना, कारण दुरुस्तीचा पैसा कुणी द्यायचा यावर राज्यघटनेचा वाद उभा राहिला. काँग्रेसनं टोलनाके उभारून त्यातून डागडुजी करायचा कायदा केला. ४ मे १८२२ ला अध्यक्ष मन्रोनं तो परत पाठवला. त्याचं म्हणणं असं की पैसा मंजूर करायचा अधिकार काँग्रेसला आहे, पण राज्याच्या हद्दीत नाका टाकून टोल वसूल करायचा आणि न देणाऱ्याला शिक्षा करायची, एवढी सत्ता घटनेनं दिलेली नाही. पुढच्या वर्षी २५,००० डॉलर दुरुस्तीला मिळाले. त्या रस्त्यापुढे ही रक्कम चिमूटभर. शेवटी १८३० च्या दशकात राज्यांनी रस्ता घ्यायचं कबूल केलं, पण पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडनं अट घातली: आधी केंद्रानं तो नीट करून द्यावा. मग सैन्याच्या अभियंत्यांनी जुना थर उपसला, तेच दगड पुन्हा बारीक फोडले आणि ३ इंचांचे तीन थर मॅकॲडमच्या पद्धतीनं पसरले. एक थर वाहतुकीनं घट्ट बसला की वर दुसरा, आणि मधे पडणाऱ्या चाकोऱ्या रोज दाताळ्यानं सपाट करायच्या. टोलनाके राज्यांचे झाले. पेनसिल्व्हेनियाच्या दरपत्रकात वीस मेंढ्यांना ६ सेंट, वीस गुरांना १२ सेंट, घोडा आणि स्वाराला ४ सेंट होते. रुंद धावेच्या गाड्यांना सवलत होती, कारण त्या रस्ता दाबून बसवत. रस्त्याची नासाडी कुणामुळे किती होते त्या हिशेबानं आकार लावायची ही दृष्टी मला आजही शहाणपणाची वाटते.

काँग्रेसनं या रस्त्यावर एकूण सुमारे ६८ लाख डॉलर खर्च केले. जमीन विक्रीच्या २ टक्क्यांतून त्यातला थोडाच भाग निघाला, बाकी सगळा सर्वसाधारण तिजोरीतून गेला. १८३८ नंतर केंद्रानं हात आखडला आणि रस्ता इलिनॉयमध्ये व्हँडेलियाशी थबकला. १८५३ मध्ये रेल्वे व्हीलिंगला पोचली आणि टोलचं उत्पन्न आटलं.

खासगी भांडवलाचा दाखला म्हणून फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा ६२ मैलांचा टोलरस्ता पुढे करतात. तो कंपनीनंच बांधला, १७९५ मध्ये, सुमारे ४,६५,००० डॉलर खर्चून, आणि उत्तम बांधला. पण तो देशातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एकाला सर्वांत सुपीक जिल्ह्याशी जोडत होता. पहिल्या दिवसापासून माल तयार होता. डोंगरापलीकडे, जिथे माल अजून पिकायचा होता, तिथे एवढा पैसा घालायला कंपन्या आल्या नाहीत. ईरी कालव्याचंही तसंच: अध्यक्ष मॅडिसननं १८१७ मध्ये केंद्राच्या पैशाची वाट बंद केल्यावर न्यूयॉर्क राज्यानं स्वतःच्या कर्जरोख्यांवर ३६३ मैलांचा, ४० फूट रुंद आणि ४ फूट खोल कालवा आठ वर्षांत खणून काढला. बफेलोहून न्यूयॉर्कला टनामागे १०० डॉलरच्या आसपास असलेलं भाडं १० डॉलरच्या आत आलं आणि न्यू इंग्लंडमधली कुटुंबं या पाण्यानं मिशिगनपर्यंत गेली. राज्याचं सरकार की संघराज्याचं, हा वाद खरा होता. सार्वजनिक की खासगी, हा वाद डोंगरापलीकडच्या रस्त्यांपुरता बराचसा नंतर रचलेला आहे.

आता दोन तारखा. २७ मे १८३० ला अध्यक्ष जॅक्सननं केंटकीतल्या मेज्व्हिल ते लेक्सिंग्टन या ६० मैलांच्या रस्त्याच्या कंपनीत दीड लाख डॉलरचे शेअर घेण्याचा कायदा नाकारला. कारण: रस्ता एका राज्यात आहे, संघराज्यानं त्यावर पैसा घालणं घटनेत बसत नाही. दुसऱ्या दिवशी, २८ मे ला, त्यानं मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवण्याच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यात ५ लाख डॉलरची तरतूद होती. या कायद्याच्या जोरावर १८३८-३९ मध्ये सुमारे १६,००० चेरोकींना सैन्यानं घराबाहेर काढून पश्चिमेला पाठवलं. बहुतेक तुकड्या टेनेसी, केंटकी आणि दक्षिण इलिनॉयमधून गेल्या. हिवाळ्यात मिसिसिपीत बर्फ वाहत असल्यानं काही तुकड्या नदीअलीकडे उघड्यावर अडकून पडल्या. वाटेत, छावण्यांत आणि नंतर मिळून सुमारे ४,००० माणसं मेली असा अंदाज सर्वसाधारणपणे मानला जातो.

सरकारनं लहान राहावं, रस्ते बांधणं त्याचं काम नव्हे, अशी भूमिका घेणारे आजही त्या काळाकडे बोट दाखवतात. त्यांनी हे दोन दिवस शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. सरकार लहान नव्हतं. ६० मैलांच्या रस्त्याला ते लहान होतं आणि हजारो लोकांना हाकलायला पुरेसं मोठं होतं. एकट्या पायोनियरची कथा नेमका हा फरक झाकते, म्हणून ती बदलायला हवी असं मी म्हणतो. बदल म्हणजे बूनला खलनायक करणं नव्हे; त्याचं त्यात काय साधलं हे वर आलंच आहे. ज्या कुटुंबांनी ओहायोच्या पुरात पोरं गमावली त्यांचं दुःख कमी लेखणंही नव्हे.

कंबरलँड खिंडीतून विसाव्या शतकात डांबरी महामार्ग जात होता. १९९६ मध्ये डोंगराखालून दुहेरी बोगदा सुरू झाला, महामार्ग त्यात वळवला, आणि मग खिंडीतलं डांबर उखडून, जमीन पूर्वीच्या उंचसखलपणाला आणून, झाडं लावून ती जुन्या गाडीवाटेसारखी दिसेल अशी परत केली. काम चांगलं झालं आहे. अशा जागा राखाव्यातच. पण आज तिथे चालणाऱ्याला जे रान दिसतं ते सार्वजनिक पैशानं घडवलेलं आहे, हे त्याला कळायला हवं.

मागणी अगदी साधी आहे. या वाटांवर जितके फलक आहेत, आणि वर्धापनाच्या निमित्तानं जे नवे लागतील, त्यांवर चार माहित्या सक्तीनं असाव्यात: ही वाट आधी कुणाची होती, कुठल्या तहानं किंवा कुठल्या युद्धानं ती गेली, बांधायला पैसा कुणी दिला, आणि दुरुस्ती कुणी केली. हीच माहिती शाळेच्या पुस्तकात नकाशाखाली असावी. मेज्व्हिल ते लेक्सिंग्टन रस्त्यावरच्या फलकावर २७ मे बरोबर २८ मे ही तारीखही लिहावी. आणि दुरुस्तीची ओळ जागेअभावी गाळू नये. राष्ट्रीय रस्त्यावर १८११ ते १८१८ ही बांधकामाची वर्षं मैलाच्या दगडाइतकी ठळक सांगितली जातात. दगड पुन्हा फोडणाऱ्या आणि रोज दाताळं घेऊन चाकोऱ्या बुजवणाऱ्या मजुरांमुळे तो रस्ता पुढची वीस वर्षं वापरात राहिला, आणि त्यांचा उल्लेख आजही क्वचितच सापडतो.